गायरानातली ज्वारी सेंद्रिय नाही का?

गेल्या काही वर्षांत शहरातल्या खात्यापित्या घरांमध्ये अन्नाची एक नवी नीती आली आहे. कारखान्यातून आलेलं अन्न वाईट, लांबून आलेलं अन्न वाईट. आपल्या मातीतलं, रसायन न घालता पिकवलेलं, शेतकऱ्याकडून थेट घेतलेलं अन्न चांगलं. ज्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवरून आमच्या आई-आज्यांना हिणवलं गेलं, ती भाकरी आता महाग ताटात बसली आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि आपल्या सरकारने या धान्यांचं नाव 'श्रीअन्न' ठेवलं. म्हणजे भाकरीचंही नामांतर झालं. आमच्या चुलीवर होती तोवर ती नुसतीच भाकरी होती.

आपल्या चळवळीतली शिकलेली पोरंही आता 'शाश्वत अन्न' या विषयावर बोलू लागली आहेत. त्याला आमचा विरोध नाही. उन्हाच्या झळा आणि पाण्याची टंचाई आधी वस्तीलाच गाठते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण 'स्थानिक विरुद्ध औद्योगिक' अशी जी मांडणी आयती आपल्या हातात दिली जाते, ती आपण तशीच उचलायची का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

स्थानिक म्हणजे कुठलं? गावातलं. आणि गाव म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगून ठेवलं आहे. खेड्याला आदर्श मानणाऱ्यांना त्यांनी तिथे सुनावलं की हे खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे, अज्ञानाची गुहा आहे. ते काही पुस्तकात वाचून बोलत नव्हते. गावाची जुनी अन्नव्यवस्था बलुत्याची होती. वर्षभर राबायचं, सुगीला खळ्यावर जायचं आणि सगळ्यांचं मापून झाल्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचं. मेलेलं ढोर ओढायचं आणि त्याचंच मांस खायचं. सणावाराला दारोदार फिरून उरलंसुरलं गोळा करायचं. आजच्या व्याख्येत बसवून पाहा: वाहतूक नाही, प्लॅस्टिक नाही, पैशाचा व्यवहार नाही, अन्नाचा एक कणही वाया जात नाही, ढोराचा शेपटापासून शिंगापर्यंत उपयोग होतो. याहून शाश्वत अन्नव्यवस्था कुठे सापडणार? आणि १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना नेमकी हीच व्यवस्था सोडायला सांगितली. मृत मांस खाऊ नका, उष्टं मागू नका, शेती धरा. आपण पर्यावरणाचं काही बिघडवतोय असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. माणूस म्हणून उभं राहायचं होतं.

बरं, 'स्थानिक खाद्यपरंपरा' म्हणून जी यादी आज फिरवली जाते, तिच्यात आम्ही कुठे आहोत? शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं आणि मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होतं ते छापील मराठीत आणलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या ही टिकाऊ अन्नाची किती साधी रीत आहे! फ्रिज नको, वीज नको. पण सेंद्रिय बाजाराच्या टेबलावर चान्या कधी दिसल्या का? त्याच २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच, तिच्यात बैल आणि वळूही आले. गरिबाच्या ताटातलं सर्वांत स्वस्त मांस गेलं आणि थकलेला बैल विकून नवा घेणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या हातचा पैसाही गेला. तेव्हा स्थानिक अन्नाचे किती कैवारी बोलले? स्थानिक म्हणजे त्यांच्या घरात चालतं तेवढंच स्थानिक, असं दिसतं.

लांबून आलेल्या अन्नाने आमचं काय केलं, तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बिस्किटाचा पुडा जात विचारत नाही. दुकानात पैसे टाकले की तो हातात पडतो, आणि आतलं बिस्कीट कुणाच्या हाताने झालं हे घेणारालाही कळत नाही. ज्या गावात चहाच्या टपरीवर आमच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर अडकवलेली असायची, तिथे ही लहान गोष्ट नाही. १९७२ च्या दुष्काळात गावच्या कणगी रिकाम्या झाल्या, तेव्हा रेशनवरच्या परदेशी मिलोने आणि सुकडीने माणसं जगवली. त्या लाल ज्वारीला चव नव्हती, लोक तिला नावं ठेवत खात होते, पण ती मिळवायला कुणाच्या वाड्यासमोर उभं राहावं लागत नव्हतं.

आता उलट बाजूने पाहा. आम्ही पिकवलेलं स्थानिक अन्न गाव विकत घेतं का? घनश्याम शहा, सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांत अस्पृश्यतेची पाहणी केली, ती २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीत साधारण ३५ टक्के गावांमध्ये दलितांना आपला माल स्थानिक बाजारात विकू दिला जात नव्हता आणि दूध संस्थेला दूध घालण्यावर तर ४७ टक्के गावांमध्ये आडकाठी होती. थेट शेतकऱ्याकडून ग्राहकाकडे, ओळखीच्या माणसाकडून घ्या, असं सांगणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. ओळख पटली की आमचं दूध विटाळतं. डेअरीच्या टँकरमध्ये मिसळलं की मात्र ते अमृत होतं.

म्हणून कारखान्याची आरती ओवाळायची का? मुळीच नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं औद्योगिक अन्न म्हणजे साखर. आणि गंमत अशी की ती स्थानिकही आहे. शेतकऱ्यांच्या मालकीचा, आपल्या तालुक्यातला, सहकारी कारखाना! १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सुरू केलेल्या या प्रयोगाचं जगभर कौतुक झालं, आणि ऊस पिकवणाराच्या बाजूने पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. पण सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. तो ऊस जो तोडतो, तो सभासद नाही. कारखाना म्हणतो तो आमचा कामगार नाही, मुकादमाचा माणूस आहे. मुकादम म्हणतो मी उचल दिली आहे, ती फेडा. दलित, भटके, वंजारी अशा जातींतले नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोप म्हणजे घर. बाईने खाडा केला तर दंड. पाळी, बाळंतपण, आजार, सगळं या खाड्याच्या हिशेबात येतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे अन्न स्थानिक आहे की औद्योगिक, याने त्या बाईला काय फरक पडतो?

शाळेच्या पोषण आहाराचंही हेच. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि २००४ मध्ये स्वयंपाकी म्हणून दलित-आदिवासींना प्राधान्य द्या असं म्हटलं. गावातलीच बाई, शाळेतच चूल. त्याहून स्थानिक काय असणार? पण दलित बाईच्या हातचं आमची मुलं खाणार नाहीत म्हणून डबे घरून पाठवल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून अजून येतात. मग उपाय म्हणून केंद्रीय स्वयंपाकघर पुढे केलं जातं. हजारो मुलांचं जेवण एका ठिकाणी यंत्रावर, गाडीने शाळाशाळांत. इथे जात मोडेल असं वाटतं ना? इस्कॉनशी निगडित अक्षयपात्र संस्थेच्या अशा जेवणात कांदा-लसूण नसतो आणि अंडं तर नाहीच. यंत्र आधुनिक, फोडणी मनुस्मृतीची. शिवाय चुलीवरच्या बाईचा रोजगार जातो तो वेगळाच. आम्ही विचाराल तर शाळेतल्या चुलीच्या बाजूने आहोत, पण तिच्यामागे कायदा उभा असेल तरच. जो डबा जातीमुळे घरून येतो, त्याच्यावर अ‍ॅट्रॉसिटीच्या नजरेने पाहणारा मुख्याध्यापक आणि तहसीलदार असेल तर.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते, शेतीचे तुकडे लहान झालेत, ते एकत्र करा, की शेती सुधारेल. बाबासाहेबांनी त्या चर्चेची मेखच उपटली. तुकडा लहान की मोठा यावर काही ठरत नाही. त्या तुकड्यावर भांडवल किती, अवजारं किती आणि किती माणसांचा भार, यावर ठरतं. पुढे १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योगच व्हावा, जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी कुळाने द्यावी, पाणी, बियाणं, खत, अवजारं राज्याने पुरवावीत, असं मांडलं. म्हणजे कुणी जमीनदार नाही आणि कुणी भूमिहीन मजूरही नाही. अन्न किती मैलांवरून आलं हा प्रश्न तुकड्याच्या आकाराच्या त्या प्रश्नाचाच भाऊ आहे. मैल मोजत बसलं की सातबारा बघावा लागत नाही.

आणि सातबारा बघितला तर? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतजमिनीपैकी अनुसूचित जातींच्या हाती नऊ टक्क्यांच्या आतच क्षेत्र होतं. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेत साडेसोळा टक्क्यांच्या वर होती. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर सांगतात, एका देशी गाईवर तीस एकर होते. ज्याच्याकडे तीस गुंठे नाहीत, त्याने या गणिताचं काय करायचं? केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना सेंद्रिय शेतीला मदत देते, ती हेक्टरी. हेक्टर नाही, मदत नाही. शेण गोळा करणारे, गोठा काढणारे हात पूर्वीही आमचेच होते आणि नैसर्गिक शेतीतही तेच राहतील, फक्त शेणाचा भाव वाढेल.

तरीही या महाराष्ट्रात आमचे हजारो लोक खरीखुरी नैसर्गिक शेती करतात. गायरानात. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी जो रस्ता दाखवला, तो पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाड आणि इतर अनेकांनी चालवला. दगड वेचून, बांध घालून, मार खाऊन, गावाचा बहिष्कार सोसून माळरान वहितीखाली आणलं. तिथे ज्वारी, बाजरी, तूर, मटकी असं मिसळून पेरलं जातं, पावसावर. रासायनिक खत क्वचितच, कारण त्याला पैसा लागतो आणि कर्ज मिळत नाही. कर्ज का मिळत नाही? सातबारावर नाव नाही. नाव आहे ते गाव नमुना एक-ई मध्ये, अतिक्रमणाच्या नोंदवहीत. म्हणून पीक विमा नाही, सेंद्रिय गटात सभासदत्व नाही, प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून ही ज्वारी सेंद्रिय नाही! ती आडत्याकडे साध्या भावाने जाते.

१९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची होती. किती प्रकरणं पुरावे मागत मागत तहसीलच्या कपाटात पडून राहिली, ते त्या लोकांनाच विचारा. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही केला. निकालाचा पहिला भाग गावोगाव पाठ आहे, दुसरा कुणी वाचत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानातल्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर नोटिसांचा पाऊस पडला. कारण काय दिलं जातं? गायरान गुरांसाठी आहे, गाव वाचलं पाहिजे, निसर्ग वाचला पाहिजे. त्याच गायरानात सौर प्रकल्प यायचा असला की गुरं आठवत नाहीत.

तेव्हा शाश्वत अन्नाची परिषद भरवणाऱ्या मंडळींनी आम्हाला बोलावलं तर आम्ही जाऊ, ज्वारीचे पदार्थ खाऊ, आणि विचारू की तुमच्या ठरावात एक-ई च्या नोंदीचा मुद्दा आहे का. आपल्या पोरांना आमचं सांगणं वेगळं आहे. आपल्या गावच्या तलाठ्याकडून गाव नमुना एक-ई ची नक्कल काढा. नोंद किती सालची आहे पाहा, १९९० च्या आधीचा दंडाची पावती, पंचनामा, जुना मतदार, कुठलाही कागद शोधा. पुढच्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोटिशीची मुदत संपायच्या आत.