प्रसाद आणि पथ्य

गौरी जेवतात त्या दिवशी घरोघरी पुरण शिजते. अनंत चतुर्दशीस गणरायाला निरोप देताना वाटल्या डाळीचा प्रसाद हातावर पडतो. अशा वेळी घरात मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने पीडित कुणी वडीलधारे असेल, तर दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, ‘प्रसादाला नाही म्हणू नये, देवाचे अन्न बाधत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘डाळीचा कणही यांच्या पानात नको.’ आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात आणि त्याचे मोल रुग्णास मोजावे लागते.

दुर्बळ मूत्रपिंडास पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठले तर हृदयाची गती बिघडून प्राणावर बेतू शकते. देव ही परीक्षा मागत नाही. आपणच ती भिडेपोटी घेतो.

पण डाळ सर्वस्वी तोडणे हेही शहाणपण नव्हे. डाळीतील फॉस्फरस निम्म्याहून कमीच अंगी लागतो. पाकीटबंद पदार्थांत मिसळलेला मात्र जवळजवळ सगळा. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी वनस्पतिज आहारास झुकते माप दिले आहे. डायलिसिसवरील रुग्णास तर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. शाकाहारी घरात ती डाळीवाचून यावयाची कोठून? सोयाबीन मात्र तोलूनच घ्यावे. त्याच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत प्रथिने सुमारे ३६ ग्रॅम, पण पोटॅशियमही दीड हजार मिलिग्रॅमहून अधिक असते.

मार्ग आपल्याच स्वयंपाकघरात आहे. पुरणाची डाळ भरपूर पाण्यात शिजवून आपण कट काढतो, तेव्हा पोटॅशियमचा बराच अंश त्या पाण्यात उतरतो. म्हणून रुग्णाच्या पानात लहानशी पुरणपोळी एखादे वेळी चालू शकेल. कटाची आमटी नव्हे. गुळातही पोटॅशियम पुष्कळ. मधुमेह नसेल तर त्या पोळीपुरते पुरण साखरेचे करावे. वाटल्या डाळीचा कट काढलेला नसतो, तेव्हा ती चिमूटभरच. नारळाचे पाणी टाळावे. नेमके प्रमाण रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. आणि गौरी घरी आल्या म्हणून डायलिसिसची पाळी कदापि चुकवू नये.

प्रसाद तोळ्यामाशाने मोजावयाचा नसतो. कणभर मस्तकी लावून घेतला तरी तो पूर्णच. ज्या माउलीने उभा जन्म पुरण वाटून सर्वांना वाढले, तिचे पान आज पथ्याच्या नावाखाली कोपऱ्यात मांडले जाऊ नये. ते पंक्तीतच मांडावे आणि तिला सोसेल तेच आदराने वाढावे. गौरीला त्याहून प्रिय नैवेद्य कोणता?