दगड खरे, माणसे खोटी

इतिहास हा विषय मुलांना रुक्ष वाटतो, ही शिक्षकांची आणि पालकांची तक्रार फार जुनी आहे. सनावळ्या पाठ करायच्या, तहांची कलमे घोकायची आणि परीक्षा संपताच सारे विसरून जायचे, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी ज्या विद्यार्थ्याला तिसऱ्या क्रुसेडविषयी दोन वाक्ये धड लिहिता येत नाहीत, त्यालाच ११९१ सालच्या जेरुसलेममधील गल्लीबोळ तळहातावरील रेषांसारखे ठाऊक आहेत असे आढळले, तर ऐकणारा चकित होणारच. हा चमत्कार पाठ्यपुस्तकाने केलेला नाही. तो व्हिडिओ गेमने केला आहे. कॅनडातील माँट्रियल शहरात युबिसॉफ्ट कंपनीच्या शाखेने तयार केलेला 'असॅसिन्स क्रीड' हा खेळ नोव्हेंबर २००७ मध्ये बाजारात आला आणि पुढे त्याची मोठी मालिकाच झाली. अशा हिंसक खेळांवर बंदी असावी की नसावी, हा वाद अधूनमधून रंगतो. पण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खेळ हाती घेतलेला नसतो. म्हणून निवाडा देण्यापूर्वी, तो प्रथमच खेळणाऱ्या प्रौढ माणसाच्या मनावर कोणते ठसे उमटतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला ठसा सौंदर्याचा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शुभ्र वेषातील अल्तायर हा या खेळाचा नायक. सीरियातील मस्याफच्या किल्ल्यावरून तो घोड्यावर निघतो आणि दमास्कस, जेरुसलेम व इंग्रजी पुस्तकांत एकर या नावाने येणारे अक्का बंदर, अशा तीन शहरांत वावरतो. खेळणाऱ्याने बोटे हलवावीत आणि अल्तायरने खाचाखोचा धरून मिनाराच्या टोकाला पोचावे. वरून सारे शहर नजरेच्या टप्प्यात येते आणि तेथून तो खाली गवताच्या गाडीत झेप घेतो. बाजारातील गर्दी, चौथऱ्यावरून ओरडणारे वक्ते, वेढ्याने उद्ध्वस्त झालेली अक्काची करडी कळा, हे सारे पाहताना अनेक व्याख्यानांनी जे साधत नाही ते येथे घटकाभरात साधते. काही स्वातंत्र्य घेतले असले तरी दगडविटांच्या बाबतीत कर्त्यांनी अपार कष्ट केले आहेत, यात शंका नाही.

दुसरा ठसा रक्ताचा. निरपराध माणसावर शस्त्र उगारू नये, हा अल्तायरच्या पंथाचा पहिला नियम. आरंभीच तो एका म्हाताऱ्याला ठार करून हा नियम मोडतो, त्याची पदवी काढून घेतली जाते आणि ती परत मिळविण्यासाठी त्याला नऊ माणसांचे प्राण घेण्याची कामगिरी सोपविण्यात येते. एका खुनाचे प्रायश्चित्त नऊ खुनांनी! खेळणाऱ्याने सामान्य नागरिकाला मारले तर अल्तायरने असे केले नव्हते, अशी तंबी पडद्यावर उमटते आणि त्याची शक्ती घटते. यंत्राने ठेवलेला हा नीतीचा जमाखर्च मोठा बोलका आहे. नागरिकाच्या मृत्यूची नोंद होते. पहारेकऱ्याच्या मृत्यूची होत नाही. पोटासाठी भाला धरणारा तो शिपाई कोणाचा तरी मुलगा असेल, हा विचार हिशेबात बसतच नाही. रस्त्यात एखादी भिकारीण वारंवार आडवी येते, आपण गरीब आणि भुकेले असल्याचे सांगून काकुळतीला येते. खेळणाऱ्याचा जीव तिच्या दारिद्र्याने कळवळत नाही. आपली वाट अडली म्हणून तो चिडतो. तिला मारणे निषिद्ध, बाजूला ढकलणे मात्र क्षम्य. खेळ सुरू होऊन तास झाला नाही तोच एक सुशिक्षित, सहृदय माणूस भिकारणीला ढकलून पुढे जाऊ लागतो. या खेळातील खरी अस्वस्थ करणारी घटना हीच होय. रक्ताच्या चिळकांड्या त्यापुढे फिक्या वाटतात.

हिंसेचे चित्रण हाच दोष, असे मात्र कोणी समजू नये. तसे असते तर महाभारत मुलांच्या हाती देता आले नसते. रात्रीच्या अंधारात झोपलेल्यांना कापून काढणारा अश्वत्थामा तेथे आहेच. पण सौप्तिकपर्वानंतर व्यासांनी स्त्रीपर्व ठेवले आहे. रणांगणावर आपल्या माणसांची प्रेते शोधणाऱ्या स्त्रिया आणि गांधारीचा विलाप ऐकल्याशिवाय वाचकाची सुटका नाही. आणि भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तर महाराष्ट्रातील आजीबाईंच्या गोष्टींतही आहे. अल्तायरची जखम थोडे थांबले की आपोआप भरून येते. तो मेला तरी खेळ पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरू होतो. येथे सौप्तिकपर्व आहे, स्त्रीपर्व नाही, हे या खेळाचे मोठे न्यून आहे.

तिसरा ठसा खेळ थांबवून पुस्तक उघडल्यावर उमटतो. अल्तायर ज्यांना मारतो त्यांपैकी काही माणसे इतिहासात खरोखरच होऊन गेली. हॉस्पिटलर पंथाचा प्रमुख गार्निये द नाब्लूस याला खेळात रुग्णांवर अघोरी प्रयोग करणारा क्रूर वैद्य ठरविले आहे आणि अर्सूफच्या लढाईपूर्वीच अक्कामध्ये त्याचा वध होतो. प्रत्यक्षात ७ सप्टेंबर ११९१ रोजी अर्सूफच्या रणांगणावर हॉस्पिटलरांच्या त्या प्रसिद्ध हल्ल्यात तो अग्रभागी होता. याहून गंभीर गोष्ट इंग्लंडच्या रिचर्ड राजाची. २० ऑगस्ट ११९१ रोजी अक्काबाहेर सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांची कत्तल झाली. तो हुकूम खुद्द रिचर्डचा होता. खेळात मात्र हाच रिचर्ड त्या कत्तलीबद्दल आपल्या सरदाराला रागे भरताना दिसतो. राजाच्या हातावरील रक्त असे सेवकाच्या हातांना पुसले गेले आहे आणि ज्या विद्यार्थ्याने दुसरे काही वाचलेले नाही, त्याच्यापुरता तोच इतिहास ठरतो.

मग खुद्द मारेकऱ्यांचे काय? ते होते निजारी इस्माइली. हसन-इ-सब्बाहने १०९० मध्ये इराणातील अलमूतचा किल्ला घेतला, त्या शियापंथीय चळवळीची सीरियातील शाखा मस्याफला होती. बलाढ्य शत्रूंनी वेढलेल्या या अल्पसंख्य समाजाने निवडक सत्ताधीशांचे खून पाडले, हे नाकारता येत नाही. वजीर निजाम-उल-मुल्क १०९२ मध्ये आणि माँटफेराचा कॉनराड ११९२ मध्ये त्यांच्याच खंजिरांना बळी पडल्याचे इतिहास सांगतो. पण भांगेच्या नशेत आणि स्वर्गतुल्य बागेच्या मोहात झुलणारे माथेफिरू, हे त्यांचे चित्र शत्रूंच्या निंदेतून आणि मार्को पोलोसारख्या प्रवाशांच्या कथांतून तयार झाले. संशोधकांनी ते केव्हाच निकालात काढले आहे. अलमूतला थोर ग्रंथसंग्रह होता. ज्योतिर्विद नासिरुद्दीन तूसी याने इस्माइलींच्या गडांवर राहून वर्षानुवर्षे ग्रंथलेखन केले. १२५६ मध्ये मंगोलांनी अलमूत घेतले तेव्हा जुवैनी या इतिहासकाराने कुराणाच्या प्रती आणि वेधयंत्रे बाजूला काढून उरलेले 'पाखंडी' ग्रंथ जाळले, अशी त्याचीच नोंद आहे. खेळाने या लोकांना नायक केले खरे, पण त्यांची श्रद्धा काढून घेतली. त्याऐवजी स्लोव्हेन लेखक व्लादिमीर बार्तोल याच्या १९३८ मधील 'अलामुत' या कादंबरीच्या छायेतून आलेले, सत्य आणि निषेध दोन्ही नाकारणारे ब्रीद त्यांच्या तोंडी घातले. खंजीर ठेवला आणि ग्रंथ दुसऱ्यांदा जाळले!

हा सारा प्रकार दूरदेशीचा, असे म्हणून मराठी वाचकाला मोकळे होता येणार नाही. अलमूतच्या इमामांचा वारसा सांगणारे पहिले आगाखान हसन अली शाह १८४६ मध्ये मुंबईत आले. खोजा जमातीवरील त्यांच्या अधिकाराचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा १८६६ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी इस्माइली इतिहासाचा दीर्घ मागोवा घेऊन हा वारसा मान्य केला. त्यांची कबर माझगावच्या हसनाबादमध्ये आहे. रशियन पंडित व्लादिमीर इव्हानोव्ह यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये इस्माइली सोसायटी स्थापन झाली तीही मुंबईतच, आणि जुने इस्माइली ग्रंथ तिने प्रकाशात आणले. पुण्यातील आगाखान पॅलेस तर सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या पूर्वजांची ओळख जगाने एका खंजिरात कोंडली, त्यांच्या इमामांच्या वास्तूत अहिंसेचा उद्गाता १९४२ ते १९४४ या काळात स्थानबद्ध होता. हे शेजारी कोण, हे खेळ सांगत नाही. वर्गात तरी ते सांगितले जाते काय?

खेळाच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. मारला गेलेला प्रत्येक प्रमुख प्राण सोडण्यापूर्वी अल्तायरशी बोलतो, आपले म्हणणे मांडतो आणि त्याच्या मनात संशयाचे बीज पेरून जातो. आपण करतो ते न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे येतो. ही कल्पित कृती असून विविध धर्मश्रद्धांच्या लोकांनी ती घडविली आहे, असेही सुरुवातीलाच जाहीर केले आहे. मात्र खऱ्या माणसांची खरी नावे वापरल्यावर एवढ्या निवेदनाने जबाबदारी संपत नाही.

तेव्हा बंदी हा उपाय नव्हे; जे चोरून खेळले जाते त्याविषयी प्रश्न विचारले जात नाहीत. दुर्लक्ष हाही उपाय नव्हे. शिक्षकाने विद्यार्थ्याला एवढेच विचारावे: अक्काच्या कैद्यांना मारण्याचा हुकूम कोणी दिला? अल्तायर कोणत्या धर्माचा होता? तू मारलेल्या पहारेकऱ्याचे नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर कोठेच मिळणार नाही, आणि ते मिळत नाही हे ज्या दिवशी मुलाला खटकेल, त्या दिवशी त्याचा इतिहासाचा खरा अभ्यास सुरू होईल. यंत्राने शहर उभे करून दिले आहे. त्यात माणसे वसविण्याचे काम अजून शाळेचेच आहे.