खाली दुकान, वर घर आणि मध्ये कुठलाच नियम नाही

3 एप्रिल 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरचे शिलाईचे दुकान पेटले. आग वरपर्यंत पोहोचली नव्हती, धूर पोहोचला. वर झोपलेल्या एकाच मुस्लिम कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. त्यात दोन लहान मुले होती.

वर्षभरानंतर, 18 मे 2025 च्या पहाटे, सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. मालकाचे कुटुंब त्याच आवारात राहत होते. त्याच दिवशी सकाळी हैदराबादला, चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात, 17 जण गेले. खाली दुकाने, वर राहते घर, उतरायला एकच अरुंद जिना. ते कुटुंब हिंदू होते आणि त्यांना वाचवायला आधी धावले ते आसपासचे मुस्लिम बांगडीवाले. तिन्ही ठिकाणी लोक झोपेत होते आणि जिथे धंदा तिथेच घर होते.

आता आपले मोहल्ले आठवा. भिवंडी, मालेगाव, नागपूरचे मोमीनपुरा. खाली लूम, बेकरी, गादीवाला किंवा जरीकाम, वर बिऱ्हाड. जिना दुकानातून किंवा दुकानाच्या शटरला लागून. चोरांच्या भीतीने खिडक्यांना पक्क्या वेल्ड केलेल्या जाळ्या, गच्चीच्या दाराला कुलूप.

आपले अग्निसुरक्षेचे नियम मात्र मुख्यतः उंची मोजतात. 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर आणि त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते आणि तिच्यासाठी कडक अटी घालते. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा. त्यात मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यायचे असते. टॉवर आणि मॉलसाठी हे ठीक आहे. पण एजन्सीला पैसे देतो मालकच, त्यामुळे ती त्याच्याविरुद्ध किती लिहील हा प्रश्न आहेच. आणि तीन मजली, एका जिन्याचे, अर्धे दुकान अर्धे घर असलेल्या इमारतीपर्यंत यातले फारसे काही पोहोचतच नाही. 2006 साली रात्री दुकानात ई-बाइक चार्जिंगला लावून कोणी झोपत नव्हते. आज अनेक जण झोपतात.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मोहल्ल्यात ‘फायर’ हा शब्द काढला की लोकांना आधी नोटीस आठवते, मग सील, मग बुलडोझर. कडक नियम मागणे म्हणजे स्वतःच्याच दारात कारवाई बोलावणे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण नीट पाहिले तर निवडक कारवाईला वाव कोण देतो? जो नियम जुन्या गल्लीत कुणालाच पाळता येत नाही, तोच. सगळेच दोषी असले की कोणाचे दार ठोठवायचे ते अधिकारी ठरवतो. पाळता येईल असा नियम असेल तर ‘मी तो पाळला’ असे कागद दाखवून म्हणता येते. म्हणून मागणी ‘कडक करा’ अशी नको, ‘जुन्या वस्तीसाठी वेगळा आणि जमणारा नियम करा’ अशी हवी.

जमणारा म्हणजे काय? जाळीचा एक भाग आतून उघडता आला पाहिजे. शेजारच्या गच्चीवर जायची वाट दोन्ही घरांनी मान्य करून मोकळी ठेवावी. दुकान आणि जिना यांच्यामध्ये पक्की भिंत आणि आग अडवणारे दार असावे. वर धूर ओळखणारा बॅटरीवरचा भोंगा लावावा. जिन्याखाली बॅटरी चार्जिंग आणि सिलिंडर दोन्हींना बंदी. आणि जिथे बंब वळतच नाही त्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा नळखांब. हा शेवटचा खर्च घरमालकाचा नाही, महापालिकेचा आहे. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये आहे.

तरुणांनी एक गोष्ट समजून घ्यावी. नगरसेवकाकडे जाऊन ‘नियम बदला’ म्हटल्याने नियम बदलत नाही. मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे आणि ती नगरविकास विभागाची आहे. तिच्यात फेरबदल करताना 1966 च्या नगररचना कायद्यातील कलम 37 नुसार सूचना काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्यासाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात बिल्डरांच्या संघटना लिहितात, वास्तुविशारद लिहितात. आपल्याकडून किती पत्रे जातात? नगरसेवकाकडून सभागृहाचा ठराव करून घ्यावा, तो शासनाकडे पाठवायला लावावा आणि नळखांब किती, त्यातले चालू किती हे माहितीच्या अधिकारात विचारावे. यासाठी वकील लागत नाही.

नियम बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. मदीनेत एकदा रात्री एक घर जळाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्याआधी आग विझवण्याची ताकीद दिल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा झोपण्याच्या आदाबात सांगितली जाते, इमारतीच्या संदर्भात क्वचित. मदरशाचे वसतिगृह, शादीखाना, मशिदीचा वरचा मजला, इथे तर दुसऱ्या कुणाची परवानगीही लागत नाही, विश्वस्त आपलेच आहेत.

माझ्या ओळखीच्या एका मशिदीत मागच्या बाजूला दुसरे दार आहे. रमजानमध्ये तरावीहला वरचा मजला भरलेला असताना त्याला कुलूप होते, आणि दाराला टेकून जादा चटयांची रास. किल्ली कुठे असते असे विचारले तेव्हा तिघांनी तीन वेगवेगळी नावे सांगितली. पुढच्या जुम्याला कुलूप निघाले. चटया अजून तिथेच आहेत.