शिकागोचा मोकळा कांठ

अमेरिकेंतील शिकागो शहराचें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवर प्रथम येतें तें स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानामुळें. ११ सप्टेंबर १८९३ रोजीं ज्या इमारतींत तें व्याख्यान झालें, ती आज एक विख्यात कलासंग्रहालय आहे. तिच्या पश्चिमेस उंचच उंच इमारतींची सलग भिंत उभी आहे. पूर्वेस मात्र आगगाडीचे रूळ ओलांडले कीं हिरवळ, झाडें, कारंजें आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत पसरलेलें मिशिगन सरोवर. शहराचा सुमारें २८ मैलांचा सरोवरकांठ बहुतांशीं सार्वजनिक असून, १८ मैलांच्या वाटेनें कोणासहि पाण्याच्या कडेकडेनें चालत जातां येतें.

धान्य, गुरें, लांकूड आणि पोलाद यांच्या व्यापारावर जें शहर पोसलें, त्यानें सोन्याच्या मोलाची ही जमीन विकून कशी खाल्ली नाहीं, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत यावा. डॅनियल बर्नहॅम नांवाच्या थोर शिल्पज्ञानें १९०९ सालीं उत्तम आराखडा करून दिला म्हणून, असें उत्तर याला बहुधा देण्यांत येतें. तें खोटें नव्हे. पण मला तें अपुरें वाटतें. माझ्या मतें श्रेयाचा मोठा वांटा एका हट्टी व्यापाऱ्याकडे जातो, आणि तोहि त्यानें कांहीं बांधलें म्हणून नव्हे, तर चांगल्या कामांनाहि ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य दाखविलें म्हणून.

गोष्टीचा आरंभ १८३६ सालीं होतो. सरोवर आणि इलिनॉय नदी यांस जोडणारा कालवा खणण्यासाठीं पैसा हवा होता, म्हणून कालव्याच्या कमिशनरांनीं गांवांतील जमिनीचे तुकडे पाडून विकावयास काढले. त्या नकाशावर सरोवराकडील पट्टीवर त्यांनीं एक टीप लिहिली: ही सार्वजनिक भूमि असून ती कायमची मोकळी, उघडी व इमारतींपासून मुक्त राहील. त्या वेळीं शिकागोची वस्ती अवघी चार हजारांच्या घरांत. टीप लिहिणारांस तिचें मोल कितपत कळलें असेल, कोण जाणे! परंतु त्या टिपेवर विश्वास ठेवून लोकांनीं समोरचे तुकडे विकत घेतले, आणि त्यामुळें ती नुसती टीप न राहतां एक वचन झाली.

वचनाची पहिली परीक्षा लवकरच झाली. वादळी लाटा किनारा खात होत्या व बांध घालण्यास शहराजवळ पैसा नव्हता. १८५२ सालीं शहरानें इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीस किनाऱ्याबाहेर पाण्यांतून रूळ नेण्याची परवानगी दिली. बदल्यांत कंपनीनें लाटांपासून रक्षण करणारा बांध घालावयाचा. व्यवहार सोयीचा खरा, पण सरोवर आणि शहर यांच्यामध्यें धूर ओकणारी आगगाडी येऊन बसली. पुढें १८७१ च्या भयंकर आगींत सुमारें तीनशें माणसें मेलीं व एक लक्ष लोक बेघर झाले. जळक्या शहराचा राडारोडा रूळ आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यांत ओतण्यांत आला. आजच्या हिरवळीचा कांहीं भाग त्या राखेवर उभा आहे.

दरम्यान १८६९ सालीं राज्याच्या विधिमंडळानें सरोवराच्या तळाची हजाराहून अधिक एकर जमीन याच कंपनीस बहाल केली, तीहि गव्हर्नरचा विरोध मोडून. चार वर्षांनीं तो कायदा रद्द झाला, आणि पुढें तो वाद न्यायालयांत गेला. १८९२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, असें जल व त्याखालील भूमि राज्य प्रजेचा विश्वस्त या नात्यानें धारण करतें. विश्वस्तास ठेव विकून टाकतां येत नाहीं. या निकालाचा आपल्याशींहि संबंध आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं हिमाचल प्रदेशांतील बियास नदीच्या कांठासंबंधीं निर्णय देतांना याच तत्त्वाचा आधार घेतला. मिशिगनच्या पाण्यावर झालेला तंटा असा हिमालयाच्या पायथ्याशीं उपयोगी पडला.

आतां त्या व्यापाऱ्याकडे वळूं. त्याचें नांव माँटगोमेरी वॉर्ड. १८७२ सालीं त्यानें टपालानें माल विकण्याचा धंदा काढला व खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या घरीं त्याचीं सूचिपत्रें पोहोंचलीं. सरोवरासमोर मिशिगन रस्त्यावर त्याची कचेरी होती. तिच्या खिडक्यांतून त्याला काय दिसे? राखेचे व कचऱ्याचे ढीग, तबेले, झोंपड्या, रेल्वेच्या पडव्या. १८९० सालीं त्यानें शहरावर दावा लावला कीं, १८३६ चें वचन पाळा आणि ही जागा मोकळी करा. समोरच्या तुकड्याचा मालक म्हणून त्याला तो हक्क होता. जवळजवळ वीस वर्षें तो भांडला, स्वतःच्या पैशानें भांडला, आणि राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें चार वेळां त्याच्या बाजूनें निकाल दिला.

कचरा हटविण्यास कोणाची तात्त्विक हरकत असणार? खरी कसोटी लागली ती चांगल्या कामाच्या वेळीं. १९०६ सालीं वारलेल्या मार्शल फील्ड या धनिकानें सृष्टिविज्ञानाच्या संग्रहालयासाठीं ऐंशीं लक्ष डॉलर ठेविले होते. तें संग्रहालय ग्रँट पार्कच्या, म्हणजे या मोकळ्या भूमीच्या, मध्यभागीं व्हावें असें शहरांतील पुढाऱ्यांस वाटत होतें. एक मोठें ग्रंथालयहि तेथेंच आणण्याचा विचार होता. वॉर्डनें दोन्ही गोष्टींना नकार दिला. वृत्तपत्रांनीं त्याला लोकहिताचा शत्रु ठरविलें. एक माणूस आपल्या खिडकींतील देखाव्यासाठीं लाखों मुलांना ज्ञानापासून वंचित करतो, असा त्या टीकेचा सूर होता, आणि हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. वॉर्ड संत नव्हता. मैदान मोकळें राहिल्यानें त्याच्या मालमत्तेची किंमत वाढणारच होती.

तरीहि तो बरोबर होता असें मला वाटतें. लोभी मनुष्य सार्वजनिक जागा मागावयास आला, तर आपण त्यास चटकन ओळखतों. परंतु संग्रहालय, ग्रंथालय, रुग्णालय अशीं कामें घेऊन सज्जन मनुष्य येतो, तेव्हां नकार देणारालाच आपण दुष्ट म्हणतों. एका चांगल्या कामास होय म्हटल्यावर दुसऱ्यास नाहीं कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? ज्या ज्या शाळेस मैदान आहे तेथील शिक्षकांस ही अडचण ओळखीची वाटेल: प्रथम सायकलींसाठीं पडवी, मग प्रयोगशाळा, मग सभागृह, प्रत्येक गोष्ट आवश्यक, आणि शेवटीं खोखोचा डाव मांडावयास जागा उरत नाहीं. बांधलेली वस्तु डोळ्यांना दिसते व तिच्यावर देणगीदाराचें नांव कोरतां येतें. रिकाम्या जागेवर कोणाचें नांव कोरावयाचें?

शिवाय नकारामुळें शहराचें कांहीं बुडालें नाहीं. तें संग्रहालय ग्रँट पार्कच्या दक्षिणेस भराव घातलेल्या जमिनीवर बांधण्यांत आलें व १९२१ सालीं उघडलें. वॉर्ड १९१३ सालींच वारला होता.

गंमत अशी कीं, ज्या बर्नहॅमला आपण या कांठाचा जनक मानतों, त्याच्या आराखड्यांतहि संग्रहालय बागेच्या मध्येंच दाखविलें होतें. पण त्याची कल्पना विशाल होती. सरोवराचा कांठ हक्कानें लोकांचा आहे असें त्यानें ठासून सांगितलें, भराव घालून मैलोगणती बागा वाढविण्याचें चित्र रंगविलें, आणि पुढच्या पिढ्यांनीं त्यांतील पुष्कळसें प्रत्यक्षांत आणलें. त्यासाठीं योजलेला एक उपाय आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. या योजनेविषयीं एक पाठ्यपुस्तक लिहवून तें शिकागोच्या आठव्या इयत्तेंतील मुलांना शिकविण्यांत येऊं लागलें. आज वर्गांत बसलेलीं मुलें उद्यां मतें देतील, कर भरतील, हा हिशेब त्यामागें होता.

परंतु ‘लोक’ या शब्दांत कोण येतें, हें त्या पुस्तकानें ठरलें नाहीं. २७ जुलै १९१९ रोजीं, उन्हाळ्याच्या एका रविवारीं, यूजीन विल्यम्स नांवाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांसह तराफ्यावर खेळत होता. शहराच्या दक्षिण भागांतील किनाऱ्यावर गोऱ्यांचें पाणी कोणतें व काळ्यांचें कोणतें याची एक न आंखलेली रेषा होती. कोणत्याहि कायद्यांत ती लिहिलेली नव्हती. तराफा वाहत त्या रेषेपलीकडे गेला. किनाऱ्यावरून दगड आले, आणि मुलगा बुडाला. दगड मारणारास पकडण्यास पोलिसानें नकार दिला. त्यानंतर दंगल पेटून ३८ माणसें मेलीं: २३ कृष्णवर्णीय व १५ गोरीं. न्यायालयांनीं या शहराच्या कांठावरून इमारती दूर ठेविल्या. द्वेष दूर ठेवण्याची व्यवस्था नकाशावरील टिपेंत नव्हती. शिकागोच्या कांठाची स्तुति करतांना ही गोष्ट वगळणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें.

१८३६ ची टीप मात्र अजून जागी आहे. २००४ सालीं रेल्वेच्या जुन्या आवारावर मिलेनियम पार्क उघडलें, तेव्हां त्यांतील उंच संगीतमंडपास ‘इमारत’ म्हणतां येईना. म्हणून ती एक कलाकृति आहे असें ठरवून मार्ग काढण्यांत आला! ही पळवाट मला आवडत नाहीं. पण पळवाट शोधावी लागली, इतकी त्या शब्दांची जरब टिकून आहे, हेंहि खरें.

आणि २००८ सालीं जुनीच कसोटी पुन्हां आली. मुलांसाठीं असलेलें एक संग्रहालय नेव्ही पिअर या धक्क्यावरून ग्रँट पार्कमध्यें आणावें असा बेत निघाला. खुद्द महापौर त्याच्या बाजूचे होते व नगरसभेनेंहि बहुमतानें मान्यता दिली. मुलांच्या संग्रहालयास कोण विरोध करील? पण वॉर्डच्या निकालांचें स्मरण देत नागरिक उठले. चार वर्षें वाद चालला, आणि २०१२ सालीं संग्रहालयानें बेत सोडून धक्क्यावरच राहण्याचें ठरविलें. शिकागोचीं मुलें अजूनहि संग्रहालय पाहावयास तेथें जातात. चेंडू मात्र ग्रँट पार्कांत खेळतात.