‘होय’ की ‘होय’?

श्रावणातील एका दुपारची गोष्ट. जेवणे आटोपून आम्ही ओसरीवर जरा टेकलो होतो, तोच दोन तरुण मुले फाटकाशी आली. बोलण्यात अदब होती, हातांत गुळगुळीत कागदांचा गठ्ठा होता. कागदाच्या शिरोभागी आमच्या लोकप्रतिनिधींचे हसरे छायाचित्र आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘जनमत सर्वेक्षण’ असे शब्द. लोकप्रतिनिधींचे नाव, त्यांचा पक्ष आणि सभागृह आम्ही येथे हेतुपुरस्सर सांगत नाही. आमचा रोख व्यक्तीवर नाही, रीतीवर आहे. आणि ही रीत कोणा एका पक्षाची मिरास नाही, हे सुज्ञ वाचक जाणतातच.

“दोनच मिनिटे लागतील,” मुले म्हणाली. आम्ही चष्मा लावला आणि वाचू लागलो. पहिलाच प्रश्न असा : ‘गेल्या काही वर्षांत झालेल्या अभूतपूर्व विकासाबद्दल आपण समाधानी आहात ना?’ उत्तरासाठी दोन चौकटी होत्या. एक ‘पूर्ण समाधानी’, दुसरी ‘समाधानी’. असमाधानी माणसाने कोठे खूण करावी, याची सोय नव्हती. दुसरा प्रश्न : ‘शहराच्या प्रगतीत अडथळे आणणाऱ्यांना आपण पाठिंबा द्याल काय?’ आता अडथळे आणणाऱ्यांना पाठिंबा देतो, असे कोण म्हणेल? पण अडथळे आणणारे म्हणजे कोण, हे ठरविण्याचा अधिकार मात्र विचारणाऱ्याने स्वतःकडेच ठेवला होता. तिसरा प्रश्न : ‘रस्ते रुंद व्हावेत आणि अल्प पटसंख्येच्या जुन्या शाळांच्या जागा लोकोपयोगी कामांसाठी मिळाव्यात, असे आपणांस वाटते ना?’ सर्वांत शेवटी नाव, दूरध्वनी क्रमांक आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक.

आम्ही कागद ठेवून घेतला आणि “वाचून, विचार करून देतो” असे सांगितले. मुले काहीशी हिरमुसली, कारण विचार करून देण्याजोगा तो कागदच नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या माईंकडे गेलो. माईंनी आमच्या गावातील मराठी शाळेत एकतीस वर्षे अध्यापन केले. आमच्या घरातील दोन पिढ्यांनी त्यांच्याच हाताखाली बाराखडी गिरविली. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. मुलांनी प्रश्न वाचून दाखविले, माईंनी माना डोलावल्या, मुलांनी खुणा केल्या आणि माईंनी सही केली. आम्ही आमच्याकडील कागद काढला आणि तिसरा प्रश्न मराठीत, सावकाश वाचून दाखविला. आमची शाळाही अल्प पटाचीच. माई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, मी रस्त्याला होय म्हटलं. शाळेला कुठं होय म्हटलं?”

वाचकहो, ते वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. ज्या शाळेसाठी माईंनी आयुष्य वेचले, तिची जागा द्यावी या मागणीखाली आता त्यांचीच सही होती. कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. केवळ दोन प्रश्न एका ‘आणि’ने जोडले होते. उभयान्वयी अव्यय म्हणून जो शब्द माईंनी शेकडो मुलांना शिकविला, त्यानेच त्यांना फसविले.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. सर्वेक्षणाचे सारे शास्त्र या एका म्हणीत सामावलेले आहे. सगळा भात चिवडावा लागत नाही, एक शीत पुरते. परंतु स्वयंपाकघरातील अनुभवी बाई शीत केवळ वरवरचे घेत नाही. खालचा भात लागला असेल आणि वरचा कच्चा असेल, तर वरच्या शिताने खालची हकीकत कळत नाही. आणि शीत दाबून पाहण्यापूर्वीच ‘भात उत्तम झाला आहे ना?’ असे विचारले, तर पंगतीतला पाहुणा भिडेपोटी ‘हो’ म्हणतोच.

या बाबतीत अमेरिकेतील एक जुना दाखला उद्बोधक आहे. तेथील ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक परत आल्या. इतका मोठा आकडा पाहून साप्ताहिकाने लँडन हे उमेदवार विजयी होणार, असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. चूक कोठे झाली? पत्ते घेतले होते ते मुख्यतः दूरध्वनीच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात दूरध्वनी आणि मोटार ज्यांच्या घरी, त्यांचाच कौल घेतला गेला. शिवाय ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरे पाठविली. याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला. १९३८ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले. बोध असा, की आकडा मोठा म्हणजे कौल खरा, असे नाही. उद्या आमच्या लोकप्रतिनिधींनी ‘इतक्या हजार नागरिकांनी होय म्हटले’ असे छापले, तरी त्यात किती माई आहेत, हे पाहिल्यावाचून त्या आकड्यास अर्थ नाही.

तो दाखला परमुलखातला झाला. आपल्या माणसांना अधिक जवळचा दाखला गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीय जनतेला एक प्रश्न विचारला गेला : महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावयाचे? विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. त्या कौलाने आमच्यापैकी अनेकांची मने दुखावली, अनेकांची सुखावली; तो वाद आज उकरून काढावयाचा नाही. परंतु विचारण्याची रीत पाहावी. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये सत्तेवरून दूर झाले. ज्याला उत्तरात रस आहे, त्याच्या हाती प्रश्नपत्रिका नसावी, हे तत्त्व तेथे मानले गेले. ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पानांचा जय झाला. पुढे त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली, तेव्हा मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा सत्ता दिली. लोकांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, तर ते दोन वेगवेगळी उत्तरे देतात. त्यांना तेवढी अक्कल असते. दोहोंची मोट बांधली, तरच त्यांचे उत्तर चुकते.

याच दाखल्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या कौलात स्वतंत्र राज्याचा पर्याय नव्हता. गोवा राज्य झाले ते ३० मे १९८७ रोजी, म्हणजे वीस वर्षांनंतर. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर मतपेटीतून निघत नाही. म्हणून सर्वेक्षण हाती आले की काय विचारले आहे, इतके पाहून भागत नाही. काय विचारावयाचे टाळले आहे, तेही पाहावे लागते.

असो. हे सारे मनात घोळत असता आम्ही लोकप्रतिनिधींना पत्र लिहावयाचे ठरविले. घरात मतभेद झाला. चिरंजीव म्हणाले, “कागद फाडून टाका, झाले.” सूनबाईंचे मत पडले, “फाडलात तर फक्त होयवाल्यांचेच कागद उरतील.” सूनबाईंचे म्हणणे आम्हांस पटले. पत्र मराठीत लिहिले व सोबत राज्यभाषेतील अनुवाद जोडला. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने नागरिकास संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांनी तो ध्यानात ठेवावा. पत्राचा मजकूर थोडक्यात असा :

‘मा. महोदयांस, सा. न. वि. वि. आपले सर्वेक्षण मिळाले. मतदारांचे मत जाणून घ्यावे असे आपणांस वाटले, याबद्दल आभारी आहोत. तथापि पहिल्या प्रश्नास नकाराची जागा नाही. दुसऱ्यात आरोप आधीच सिद्ध धरला आहे. तिसऱ्यात दोन भिन्न प्रश्न एकत्र केले आहेत. रस्ता रुंद व्हावा, असे आमचे मत आहे. शाळा आहे तेथेच राहावी, असेही आमचे मत आहे. ही दोन्ही मते नोंदविता येतील असा कागद आपण पाठवावा. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे उत्तर गैरसमजातून घेतले गेले आहे. ते मागे घेत असल्याचे त्यांचे सहीचे पत्र सोबत आहे. ओळखपत्राचा क्रमांक कशासाठी हवा आणि तो कोणाजवळ राहील, हे कृपया कळवावे. किती जणांना विचारले, कोणत्या वस्त्यांत विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले नाही, हे निष्कर्षासोबत प्रसिद्ध व्हावे, ही विनंती.’

ओळखपत्राची शंका केवळ आमच्या संशयी स्वभावातून आलेली नाही. लोकसभेच्या निवडणुका चालू असताना २ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने सर्व राजकीय पक्षांना बजावले होते, की सर्वेक्षणाच्या नावाखाली भावी योजनांसाठी मतदारांची नावे नोंदवून घेण्याचे प्रकार ताबडतोब थांबवावेत. सर्वेक्षण हे काही वेळा मत विचारण्यासाठी नसून माणूस टिपून ठेवण्यासाठी असते, हे आयोगाच्याही नजरेतून सुटलेले नाही.

तीन आठवड्यांनी छापील पोच आली : ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे.’ आणखी काही दिवसांनी कार्यालयातून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. माईंचा कागद बाजूला काढला आहे, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. शाळेविषयी विचारले, तेव्हा “साहेबांच्या कानावर घालतो” एवढेच उत्तर मिळाले. निष्कर्ष अद्याप प्रसिद्ध झालेले नाहीत. आमच्या पत्राने डोंगर हलला, असा आमचा दावा नाही. परंतु गणेशोत्सवाच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखविले, तेव्हा आणखी अकरा घरांनी आपापली पत्रे लिहिली. ती एकाच साच्यातली नव्हती, हे विशेष. कोणी शाळेच्या बाजूने लिहिले, तर एकाने शाळा हलवावी असेही लिहिले. आम्हांस दोन्हींचा सारखाच आनंद झाला, कारण दोघांनी आपले मत आपल्या शब्दांत दिले होते.

वाचकांस एवढीच विनंती, की असा कागद दारी आला तर दारातच सही करू नये. तो घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. प्रश्न सदोष असेल तर चौकट कोरी ठेवून समासात आपले मत लिहावे, कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि लोकप्रतिनिधींना नम्र, मुद्देसूद, एका पानाचे पत्र धाडावे. रागाचे पत्र केराच्या टोपलीत सहज जाते. कारणे देऊन लिहिलेल्या पत्रास निदान पोच तरी द्यावी लागते.

माई परवा भेटल्या. म्हणाल्या, “सगळी हयात मुलांना सांगितलं, प्रश्न नीट वाचा आणि मगच उत्तर लिहा. स्वतःच्या परीक्षेत मात्र चुकले.” आम्ही म्हटले, “माई, तुम्ही चुकला नाहीत. प्रश्नपत्रिकाच चुकीची होती, आणि ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क तुम्हांला आहे.”