बंदरात उतरताना

वस्तीतला मुलगा प्रवासी जहाजावर कामाला लागला की घरादाराला आनंद होतो. पण परक्या बंदरात फिरायला उतरला आणि कागद हरवले, तर त्या आनंदावर पाणी पडते. म्हणून आम्ही सांगतो : या बंदरात कोणते कागद सोबत हवेत, ते जहाजावरच विचारून घ्या. शोअर पास, ओळखपत्र आतल्या खिशात ठेवा, पिशवीत नको. सीडीसीत समुद्रावरच्या नोकरीची नोंद असते, ती जपा. झेरॉक्सचा एक संच केबिनमध्ये, दुसरा घरी आईच्या पेटीत असू द्या. पासपोर्ट हरवलाच, तर पोलिसांत तक्रार नोंदवून कप्तानाला व भारतीय वकिलातीला ताबडतोब कळवा. तिथे मिळणारे इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त मायदेशी परतण्यापुरते असते. त्यावर पुढची सफर होत नाही. आई-वडिलांनी मुलगा निघण्याआधी त्याला हे वाचून दाखवावे.