डब्यातली हिरवी पूड

वारंगा फाट्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी अकरावीत आहे, जिना चढली तरी तिला धाप लागते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेनऊ. बचत गटाच्या बैठकीत आलेल्या एका विक्रेत्याने स्पिरुलिनाच्या कॅप्सूलची बाटली दिली आणि सांगितले, यात मटणाच्या तिप्पट प्रथिने आहेत, रक्तही वाढेल. त्याच माणसाने दिरांना दुसरी योजना ऐकवली : घरामागच्या जागेत दोन टाक्या बांधा, हे शेवाळ पिकवा, माल आम्हीच उचलू. टाक्यांच्या खर्चासाठी भगिनींच्या पाटल्या मोडायचे घरात चालले आहे. त्या विचारतात, ही वस्तू खरी आहे का, हलाल आहे का, आणि पाटल्या मोडाव्यात का?

वस्तू खरी आहे, हे आधी सांगतो. स्पिरुलिना म्हणजे खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात वाढणारे निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ. शास्त्रज्ञ त्याला जिवाणूंच्या गटात धरतात, बाजार मात्र शेवाळच म्हणतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी एरवी हिरवे दिसते, त्यात या शेवाळाचा मोठा वाटा आहे. (2020 च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले होते. तो रंग मिठात वाढणाऱ्या वेगळ्या सूक्ष्मजीवांचा होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले.) पण तिथले शेवाळ कोणी खायला आणू नये. ते अभयारण्य आहे, आणि उघड्या पाण्यात विषारी जातीचे शेवाळही मिसळलेले असू शकते.

हे अन्न प्रयोगशाळेत जन्मले असेही नाही. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी कानेम नावाचा प्रदेश आहे, तिथले राज्यकर्ते अकराव्या शतकातच मुसलमान झाले. तिथल्या कानेमबू स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या डबक्यांवरची ही हिरवी साय गोळा करतात, वाळूवर पसरून वाळवतात आणि तिच्या वड्या पाडतात. तिला त्या ‘दिहे’ म्हणतात. बाजरीच्या जेवणाबरोबर तिचे कालवण होते, त्यात भेंडी, मासे किंवा मांस पडते. 1960 च्या दशकात एका बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाने या वड्यांकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा त्या बायकांना त्यात नवल वाटले नसणार. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने यावर बरेच काम केले. चेन्नईच्या केंद्राने तर लहान मुलांना रोज एक ग्रॅम देऊन पाहिले. तिथे पाहिला तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांत पडणाऱ्या डागांवरचा परिणाम. एवढ्याशा मात्रेतून प्रथिने भरून निघतील, असे कोणी म्हणणारही नाही.

आता विक्रेत्याचे ‘तिप्पट’. शंभर ग्रॅम कोरड्या पुडीत साधारण 57 ग्रॅम प्रथिने असतात आणि शंभर ग्रॅम मटणात वीसच्या आसपास, म्हणून आकडा खोटा नाही. पण पूड वाळवलेली आहे, आणि मटणात बहुतांश पाणी असते. शिवाय मटण आपण ताटभर खातो, पूड चमचाभर. पाच ग्रॅम पुडीतून तीन ग्रॅमसुद्धा प्रथिने मिळत नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 45 किलोच्या बाईला साधारण 37 ग्रॅम. हे ताटातूनच यायचे. आणि ताट तर तुमच्या फाट्यावर वाफाळत असते! नांदेड-हिंगोली रस्त्याने जाणारे लोक वारंग्याची खिचडी खायला गाडी थांबवतात. तांदळात ज्या अमिनो आम्लाची कमतरता असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी पडते ते तांदूळ पुरवतो. डाळीचा हात सैल ठेवा, वर शेंगदाण्याची चटणी किंवा उकडलेले अंडे द्या, बस्स.

मुलीच्या रक्ताचे प्रकरण मात्र वेगळे आहे आणि त्यात उशीर नको. पाच ग्रॅम पुडीत लोह दीड मिलिग्रॅमसुद्धा नसते. सरकारकडून किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी मोफत मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम असते. साडेनऊ हिमोग्लोबिनला उपचाराची मात्रा याहून जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील. पाळीचा रक्तस्राव, जंत हेही ते विचारतील. आणखी एक : बाटलीवर ‘बी-12 ने भरपूर’ असे छापलेले असले तर विश्वास ठेवू नका. स्पिरुलिनातले बी-12 बहुतेक अशा रूपात असते की माणसाच्या शरीराला ते वापरताच येत नाही. महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. इतक्या घरांतली काळजी हीच या बाटल्यांची बाजारपेठ आहे, याचा आम्हाला राग येतो.

हलालचे उत्तर सोपे आहे. पाण्यातली वनस्पती नशा आणणारी किंवा अपायकारक नसेल तर तिच्याबद्दल शंका नाही. शंका असते ती कॅप्सूलच्या टरफलाची. ते जिलेटिनचे असले तर जिलेटिन कोणत्या जनावराचे आणि ते कसे कापलेले, हे बाटली सांगत नाही. हिरवा ठिपका पाहा, नाहीतर सरळ पूड किंवा दाबलेली गोळी घ्या. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही पाहा.

राहिल्या टाक्या. पिकवणे अशक्य नाही. पाण्यात खायचा सोडा आणि इतर क्षार घालून ते अल्कधर्मी करायचे, बियाणे म्हणून जिवंत शेवाळ सोडायचे, पाणी दिवसभर हलते ठेवायचे. दाट झाले की बारीक कापडातून गाळायचे, दाबून पाणी काढायचे, शेवया पाडून कमी उष्णतेवर लगेच वाळवायचे. उशीर झाला तर माल नासतो आणि वास मारतो. तीस ते पस्तीस अंश तापमान याला मानवते. मराठवाड्याचा मे महिना आठवा! जाळी लावूनही वाढ मंदावते, आणि टाकीचे पाणी उडून जाते ते रोज भरावे लागते. साधारण चांगल्या व्यवस्थेत एका चौरस मीटरमागे दिवसाला पाच ते दहा ग्रॅम कोरडा माल मिळतो. दहा चौरस मीटरच्या दोन टाक्यांना सात ग्रॅमचा हिशेब लावला तर महिन्याला चार किलोच्या आसपास. वीज, क्षार आणि रोजची मेहनत त्यातून वजा करा. शिवाय हे शेवाळ पाण्यातले शिसे, आर्सेनिक शोषून घेते, म्हणून खाण्याचा माल विकायचा तर प्रयोगशाळेची तपासणी आणि अन्न परवाना दोन्ही लागतात.

विक्रेत्याने हे सांगितले का? तो चार किलो कोणत्या भावाने, किती दिवसांत उचलणार आणि तपासणीत माल नापास झाला तर तोटा कोणाचा, हे कागदावर आहे का? सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार घ्यायला सांगितले आहे. भाव आणि मुदत अंधारात ठेवणारा सौदा फुकहांनी ‘गरर’ म्हणून नापसंत केला आहे. तो माणूस टाक्या, बियाणे आणि प्रशिक्षण विकून पैसे आधीच घेतो आहे. त्याची कमाई तुमच्या पिकावर अवलंबून नाही, हे दिरांना नीट समजावून सांगा. हौस असेल तर एका मोठ्या टबात करून पाहा, उन्हाळा जाऊ द्या. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच कळमनुरी तालुक्यात आहे, तिथे एकदा योजनेचे कागद दाखवा. स्वतःचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत पाटल्या हातातच राहू द्या, त्या तुमच्या मालकीच्या आहेत आणि त्यांचा निर्णयही तुमचाच आहे.

बाटली आणलीच आहे तर मुलीच्या डॉक्टरांना दाखवा. घरात कोणी गरोदर असेल किंवा सांधेवात, सोरायसिससारख्या दुखण्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असेल, तर त्यांना ती देऊ नका. मुलीचा पुढचा रक्ताचा अहवाल आला की आम्हाला कळवा.